चौदा नंबरच्या टेबलावरचा चोर

३ फेब्रुवारी, सकाळ

आजपासून नवा मी. डायरीही नवी.

गाइडबाईंचा, म्हणजे प्राध्यापक झिसियादूंचा मेल आलाय. ३१ मेपर्यंत पहिले दोन चॅप्टर हातात पडले नाहीत तर माझं नाव डॉक्टरेटच्या यादीतून काढणार. सूर जरा रागीट वाटला. त्यांचा गुडघा दुखतो, त्यामुळे असेल. जवळजवळ चार महिने आहेत, म्हणजे चैनच. विषय डोक्यात पूर्ण तयार आहे: 'वोलोस बंदरातल्या हमालांची मधली सुट्टी, १९०५ ते १९३०'. फक्त उतरवून काढायचा बाकी.

शिवाय ग्रंथालयात, संशोधकांच्या खोलीत, मला स्वतःचं टेबल मिळालंय. नंबर चौदा. खिडकीतून समुद्र. टेबलं मोजकीच आहेत आणि बाहेर वेटिंग लिस्ट. विद्यापीठाला माणसाची पारख आहे म्हणायची.

आई गावभर 'आमचा डॉक्टर' म्हणून सांगते. काल शेजारच्या म्हाताऱ्यानं तिच्या फोनवरून मला रक्तदाबाच्या गोळीबद्दल विचारलं. गोळी सांगितली नाही, पण आवाज डॉक्टरचाच ठेवला.

५ फेब्रुवारी

ग्रंथालयात शिस्त म्हणून नाही. प्रत्येक टेबलावर पुठ्ठ्याचं एक घड्याळ असतं. ब्रेकला उठताना काटे लावून जायचं. तासभर टेबल तुमचं, नंतर ज्याला जागा हवी तो बसेल. काटे लावले नाहीत तर टेबल लगेच मोकळं. कुणी पाळत नाही. शेजारच्या तेरा नंबरवर सकाळपासून नुसती लाल बॅग बसलीय. माणूस बेपत्ता.

पोलिक्सेनीबाईंकडे लेखी तक्रार केली. संशोधन विभाग त्या सांभाळतात, चष्मा कपाळावर, आवाज खाली. घड्याळाचा नियम सगळ्यांना सारखा लावा, म्हटलं. त्यांनी कागद वाचला, माझ्याकडे पाहिलं, खात्री आहे ना म्हणून विचारलं. शंभर टक्के, म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं. बाईंना कानाचा त्रास असावा.

मग म्हणाल्या, दर गुरुवारी दहा वाजता माझ्याजवळ येऊन बसत जा, संदर्भ शोधू, लावून देईन. हमाल संघटनेच्या जुन्या सभांची इतिवृत्तं अथेन्सजवळच्या पिरेअसहून स्कॅन करून मागवते, असंही म्हणाल्या. इतिवृत्तं मागवा म्हटलं. गुरुवारची गरज नाही. ते नवशिक्यांसाठी असतं.

१२ फेब्रुवारी

वेळापत्रक केलं. तीन रंगांत. नऊ ते दोन लेखन, अकराला छोटा ब्रेक.

वेळापत्रक चिकटवण्यात आणि टेबलावर बेसिलची कुंडी ठेवण्यात साडेदहा झाले. अकराला ब्रेक घ्यावाच लागला, नाहीतर पहिल्याच दिवशी वेळापत्रक मोडलं असतं. बंदरावरच्या खानावळीत माझा मित्र अपोस्तोलिस बसला होता. त्याचं मोबाइलचं दुकान आहे, बायको चालवते. त्सिपुरोच्या, म्हणजे इथल्या द्राक्षाच्या दारूच्या, प्रत्येक छोट्या बाटलीबरोबर एक नवीन बशी येते आणि बशीत काय येणार ते बाटली मागवल्याशिवाय कळत नाही. हमालही याच बाकांवर बसायचे. म्हणजे हे फील्डवर्कच झालं.

चारला परतलो. थकवा फार. उद्यापासून.

२४ फेब्रुवारी

काहीतरी गडबड आहे.

ब्रेकवरून आलो तर खुर्ची खाली केलेली. माझे गुडघे टेबलाखाली नीट जाईनात. दिवा डावीकडे वळवलेला. आणि बसल्यावर कळलं, खुर्ची गरम आहे. फेब्रुवारीत खुर्ची आपोआप गरम होत नाही.

कुणीतरी माझ्या टेबलावर बसतंय. का? उत्तर उघड आहे. हमालांच्या सुट्टीवर जगात कुणी लिहिलेलं नाही. अपोस्तोलिसला सांगितलं, तो म्हणाला, तुझं कोण चोरणार रे. त्याला बाजारपेठ कळते, ज्ञानक्षेत्र कळत नाही.

२ मार्च

तीळ पेरले. सकाळी रस्त्यावर घेतलेल्या, तीळ लावलेल्या गोल पावाचे. खुर्चीवर, टेबलाच्या कडेला. कुणी बसलं तर विस्कटणार, आपल्याला कळणार.

परतलो तर एकही तीळ नाही. टेबल ओल्या फडक्यानं पुसल्यासारखं लख्ख. चोर स्वच्छ आहे, म्हणजे जास्त धोकादायक. कुंडीमागे मात्र दोन-चार तीळ राहिले असावेत, कारण संध्याकाळी मुंग्या आल्या. वाचनालयात खाल्ल्याबद्दल पोलिक्सेनीबाईंनी मलाच समज दिली. मी खरं कारण सांगितलं नाही. त्या कुणाच्या बाजूच्या आहेत ते अजून ठरायचंय.

एक आणखी. कुंडीजवळ वाळक्या पानाचा तुकडा पडला होता. कडा करवतीसारख्या. बेसिलचं नाही. खूण असावी. पाकिटात जपून ठेवलाय.

९ मार्च

महत्त्वाचा निर्णय. आता काहीही लिहायचं नाही. जे लिहिलेलंच नाही ते चोरता येत नाही. थीसिस सगळा डोक्यात वाढवायचा आणि मेच्या अखेरीस एकदम उतरवायचा. ताकास तूर लागू द्यायची नाही.

पिरेअसची इतिवृत्तं आली, असा बाईंचा मेल आहे. उघडला नाही. उघडला तर मी काय वाचतोय ते चोराला कळेल.

बेसिल मस्त फोफावलंय. पाणी घातल्याचं आठवत नाही, पण माझ्या हाताला गुण आहे, असं आई म्हणतेच.

२५ मार्च

ग्रीसचा राष्ट्रीय सण. ग्रंथालय बंद. माझी चूक नाही. अपोस्तोलिसकडे तळलेला मासा आणि लसणाची चटणी. चटणीनंतर दोन दिवस माणसांत जाणं बरं नाही, म्हणून पुढचे दोन दिवसही रद्द.

३१ मार्च

पाळत ठेवली. काटे अकरावर लावले, गेल्याचं नाटक केलं आणि नियतकालिकांच्या कपाटामागे उभा राहिलो. मासिकांच्या फटीतून टेबल स्पष्ट दिसत होतं. लॅपटॉप, कुंडी, रिकामी खुर्ची. पाऊण तास कुणी फिरकलं नाही. चोराला नियम पाठ आहे, तासाच्या आत तो येत नाही.

आता पाचच मिनिटं राहिली होती. जिन्यावर हलकी पावलं वाजली, बाईची असावीत. तेवढ्यात खिशात फोन थरथरला. अपोस्तोलिस. ताजा ऑक्टोपस आलाय, दोनच बशा उरल्यात.

गेलो. चोर उद्याही येईल. ऑक्टोपसचं सांगता येत नाही.

परतलो तर खुर्ची गरम.

२२ एप्रिल

ईस्टरला गावी जाऊन आलो. ते दिवस गेलेच. सणाचं भाजलेलं कोकरू होतं, नाइलाज. आईनं माझ्या पदवीदानाला स्वतः घालायचे बूट घेतलेत. काळे, बक्कल असलेले. पायाला चावतात म्हणून ती रोज घरात थोडा वेळ घालून फिरते. म्हणाली, पदवीदान जूनमध्ये ना, तोपर्यंत सैल होतील. मी हो म्हटलं. बसमध्ये तेच बूट डोळ्यांसमोर येत होते. का कोण जाणे. बहुधा कोकरू.

११ मे

झोप लागत नाही. सकाळी ठरवलं, आज टेबलावरून उठायचंच नाही. नऊला बसलो. पडद्यावर कर्सर लुकलुकत होता. बारा वाजता कुणीतरी काचेच्या दारापर्यंत आलं, मला बसलेलं पाहिलं आणि मागे फिरलं. एक मुलगी. छातीशी फाइल, केस बांधलेले, बुटांना माती. तोंडावर चक्क निराशा.

मी धावलो. जिन्यापर्यंत ती नाहीशी झाली होती. पोलिक्सेनीबाईंना विचारलं, ही कोण? त्या म्हणाल्या, ग्लिकेरिया, कृषी विभागाची, टेबलाच्या वेटिंग लिस्टवर आहे. मी म्हटलं, माझ्यावर पाळत ठेवतेय ती. बाईंनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला. मग विचारलं, दोन्ही चॅप्टर झाले का? येत्या गुरुवारी तरी ये.

कृषी विभाग. म्हणजे दुसऱ्या विभागामार्फत चोरी. डोकं आहे पोरीला.

या धावपळीनं लेखनाची लय तुटली. बंदरावर गेलो.

२९ मे, दुपार

घाईत लिहितोय, अक्षर खराब येईल.

ग्रंथालयाच्या छोट्या सभागृहात आज जाहीर व्हायवा, दारावर बोर्ड. नाव ग्लिकेरिया. विषय वाचायला थांबलोच नाही. सरळ आत घुसलो, मागच्या रांगेत बसलो. ठरवलं होतं, हमालांचा पहिला शब्द तिच्या तोंडून आला की उभं राहायचं. पाकिटातलं पान पुरावा म्हणून मुठीत धरलं होतं.

पडद्यावर तेच पान आलं. भिंतीएवढं. पेलिओनच्या डोंगरावरच्या चेस्टनटच्या झाडांचा रोग. हमाल नाहीत, बंदर नाही, सुट्टी नाही. चार चॅप्टर. परीक्षकांनी खूप छळलं, तिनं सगळ्यांना उत्तरं दिली. मी मूठ मिटूनच बसलो.

शेवटी तिनं आभार मानले. आधी पोलिक्सेनीबाईंचे, जगभरातून लेख मिळवून दिल्याबद्दल आणि दर गुरुवारी बसवून घेतल्याबद्दल. मग म्हणाली:

"आणि चौदा नंबरच्या टेबलावरच्या साहेबांचे. आमची ओळख नाही. पण त्यांच्या ब्रेकमध्ये माझा अख्खा थीसिस लिहून झाला."

लोक हसले. टाळ्या वाजल्या. सवयीनं मी उभा राहिलो आणि वाकून नमस्कारही केला. सगळे वळून बघायला लागले तेव्हा कळलं मी काय केलं.

बाहेर पोलिक्सेनीबाईंना गाठलं. आवाज चढवला. विचारलं, हे सगळं तुम्हाला माहीत होतं? त्या माझ्या इतक्या जवळ आल्या की मला आवाज खाली आणावा लागला.

"अरे बाबा, तुझा तास संपला की ती बसायची. तू यायच्या आत तुझ्या पेन्सिली होत्या तशा लावून, टेबल पुसून, कुंडीला पाणी घालून उठायची. नियम सगळ्यांना सारखा लावा, हे लेखी कुणी दिलं होतं?"

मी म्हटलं, पण मला सांगायचंत तरी.

"दर गुरुवारी दहाला तुझी वाट पाहत होते, स्तेर्गिओस. सांगणार कुणाला?"

२९ मे, संध्याकाळ

टेबलावर बसून फाइल उघडली. बघावं म्हटलं, तिनं चोरायचं ठरवलंच असतं तर काय मिळालं असतं.

मुखपृष्ठ. आईला अर्पण. मग पहिला चॅप्टर: 'हमाल जेव्हा बसतो, तेव्हा'

पुढे काही नाही. मला वाटत होतं निदान वाक्य तरी पुरं असेल.

लाज वाटली. हे इथं लिहायला हरकत नाही, कुणी वाचणार नाही. खूप लाज वाटली. माणसं नाहीत ते बघून पिरेअसची इतिवृत्तं उघडली. पहिल्याच सभेत हमाल दुपारी अर्धा तास बसायला मिळावं म्हणून मालकाशी भांडतायत. अर्धा तास. मी तिथंच वाचणं थांबवलं.

१ जून

गाइडबाईंना भेटलो. ओरडल्या नाहीत, ते जास्त वाईट. नाव काढायचंच ठरवलं होतं म्हणाल्या, पण पोलिक्सेनीबाईंनी शब्द टाकला. सप्टेंबरपर्यंत शेवटची मुदत. टेबल मात्र गेलं, वेटिंग लिस्टवरच्या पुढच्या माणसाला मिळालं. मी आता लिस्टवर सगळ्यात खाली. टेबलावरच्या माणसाचा तास संपला तरच बसायला मिळणार.

आईचा फोन होता. बूट सैल झाले म्हणाली.

१५ जून

आजपासून खरंच नवा मी. आठ वाजल्यापासून संशोधकांच्या खोलीबाहेर खुर्ची टाकून बसलोय. कुंडी मांडीवर. कोमेजलीय जरा. पाणी घालायचं असतं, हे हल्लीच कळलं.

चौदा नंबरवर जाड काचेच्या चष्म्याचा एक पोरगा आहे. हा माणूस उठतच नाही. पाणी टेबलावर, बिस्किट खिशात. याला शरीरधर्म आहे की नाही? नऊ झाले, दहा, अकरा. मी काचेतून त्याच्याकडे बघतोय, तो पुस्तकाकडे.

सव्वाअकराला उठला. काटे लावले, गेला. तास संपायची वाट बघत मी बसून राहिलो. जन्मात एवढा वेळ एका जागी बसलो नव्हतो, पण तहान लागली तरी हललो नाही. सव्वाबारा झाले, तो आला नाही. आत गेलो, बसलो. खुर्ची गार होती. समुद्र दिसत होता. पोलिक्सेनीबाईंनी दुरून बघितलं आणि मान हलवली, बहुतेक शाबासकीची. फाइल उघडली. 'हमाल जेव्हा बसतो, तेव्हा'. पुढचं वाक्य खरोखर ओठांवर आलं होतं.

पण इतक्या दिवसांनी लिहायचं तर डोकं ताजं हवं. एक कॉफी, उभ्या उभ्या, मशीनची. दोन मिनिटांत आलो. तीन असतील.

चौदा नंबरवर एक मुलगी बसली होती. ओळखीची लाल बॅग, म्हणजे तिचं तेरा नंबरही गेलं असावं. घड्याळाचे काटे लावलेस का, म्हणून तिनं विचारलं. मी म्हटलं, नाही, विसरलो.

जिन्यात अपोस्तोलिसचा फोन आला, बांगडे आलेत. सांगितलं, आज जमणार नाही, काम आहे. तो हसला, म्हणाला, कसलं?