तारेची जागा

गोरेगाव

प्रिय रविता,

तुझ्या माहेरी फोन कुणी उचलत नाही, म्हणून लिहिते. तोंडी निरोप पाठवावा तर कामठ्याला पोचेपर्यंत त्याचं भांडण होतं. हे बंद पाकीट बसच्या कंडक्टरकडे देते आहे. फाडायचं असेल तर पुरतं वाचून फाड.

खुशबू जेवते का? तिला ते कानाचं मशीन लावू नकोस. का ते पुढे सांगते. इकडे शामकला रोज कुंपणावरून विचारते, "काऊन जी, सुनेले आनत नाई का?" मी सांगते, धानकापणी आटोपू दे. शेजाऱ्यांना जाब द्यायची मला सवय नाही, तरी देते.

ऑपरेशननंतर मशीन सुरू झालं त्या दिवसांतल्या दुपारी तू विसरली नसशील. जो येई तो आपल्या स्वयंपाकघरातली काशाची थाळी उचले, पोरीच्या पाठीमागे उभा राही आणि पळीने बडवे. आपल्याकडे बहिऱ्याची परीक्षा हीच. खुशबू वळायची. शामकलाने कानशिलावर बोटं मोडून तिची दृष्ट काढली, "आयकून रायली वं माय पोरगी! त्या डॉक्टरच्या तोंडात साखर पडो!" तू हसलीस. लग्न होऊन आलीस तेव्हापासून तुला इतकं मोकळं हसताना मी पाहिलं नव्हतं. पण मी थाळीकडे बघत नव्हते, पोरीच्या डोळ्यांकडे बघत होते. पळी वर गेली की तू श्वास रोखायचीस, ओठ दाबायचीस, आणि पोरगी तुझं तोंड वाचून वळायची. म्हणून मी तुला अंगणात पाठवलं आणि थाळी स्वतः बडवली. ती बाहुलीचे केस विंचरत राहिली. आणखी जोरात बडवली. विंचरतच राहिली. तू खिडकीतून सगळं पाहिलंस. "तुमाले तिचं आयकनं पाहावलं नाई, आई," एवढं बोलून तू तिचे कपडे भरलेस आणि तिला घेऊन माहेर गाठलंस. मी ऐकून घेतलं. पण ती परीक्षा मी पुन्हाही घेईन.

दुसरंही एक मी पाहिलं होतं. मशीन लावलं की ती मट्‌कन खाली बसायची, तुझा पदर धरायची आणि तिची बुबुळं हिंदकळायची. सगळे म्हणाले, घाबरते. भीतीने बुबुळं अशी हलत नाहीत. चक्करसाठी म्हणून आपण गोंदियाला काढलेला तिच्या डोक्याचा एक्स-रे घेऊन मी नागपूरला गेले, आधीच्या नव्हे, दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे. त्यांनी तो दिव्यावर लावला आणि बोटाने दाखवत सांगितलं. कानाच्या आत गोगलगायीच्या शंखासारखा भाग असतो. ऑपरेशनमध्ये आत घातलेली मशीनची तार त्यात वेटोळं घेऊन बसायला हवी. आपल्या पोरीची तार वर चढली आहे, शेजारच्या नळीत, जी शरीराचा तोल सांभाळते. ऐकण्याच्या नसेला वीज पोचतच नाही. पोरीला फक्त घर फिरताना दिसतं. आधीच्या डॉक्टरांनी ऑपरेशनच्या टेबलावर तारेतून वीज वाहते का हे तपासलं होतं, वाहत होती. नसेकडून उत्तर मात्र आलं नव्हतं. कधी कधी ते उशिरा येतं, म्हणाले. एक्स-रेचं यंत्र त्या दिवशी बंद होतं. जखम शिवून टाकली.

ती तार काढून पुन्हा घालता येते. पण लवकर. उशीर झाला तर आतली वाट बुजत जाते, आणि पोरीचं बोलणं शिकायचं वयही थांबत नाही. या वेळी टाके घालण्याआधी नसेचं उत्तर तपासायचं, तिथेच फोटो काढायचा, तार जागेवर दिसली तरच शिवायचं, हे मी नागपूरच्या बाईंकडून कबूल करून घेतलं आहे. तरीही ऐकू येईलच असं त्या म्हणाल्या नाहीत. मीही तुला म्हणत नाही. खोट्या आशेवर तुला एकदा हसताना पाहिलं, ते पुरे.

आता कशासाठी लिहिते ते. रविवारी भुवनेश्वर आणि दुलीचंदकाका जीप घेऊन कामठ्याला येत आहेत. "पोरीले उचलूनच आनतो," असं काका ओसरीवर बोलले आणि भुवनेश्वरने, तुझ्या नवऱ्याने, माझ्या मुलाने, त्यांना अडवलं नाही. तुझ्या वडिलांचा रागही मला ठाऊक आहे. मी दोघांना बजावलं, जीपपुढे मी आडवी पडेन. पडेनच. ज्या पोरीला सगळं जग तुझ्या तोंडावर वाचावं लागतं, तिला तुझ्या हातातून हिसकून टेबलावर निजवायचं? तार मग कितीही बरोबर बसो. पण रविता, मी जीप अडवली आणि तूही आली नाहीस, तर तिचा कान कायमचा मिटेल आणि तो आपण दोघींनी मिळून मिटवलेला असेल. मला हे पेलवत नाही गं. मी कुणाला कधी विनवलं नाही, कसं विनवतात तेही मला येत नाही. शनिवारी सकाळपासून गोंदियाच्या बस स्टँडवर बसलेली असेन, नागपूरची शेवटची बस जाईपर्यंत. मला शिव्या देत ये. पण तिला घेऊन तूच ये.

तुझीच,
आई