नववी ब ची खरेपणाची वही

सोम., ६ जाने.
सर्दी. घोडपदेवहून शाळेपर्यंत चालत आले तर दम लागला. ९ ब ला हुकूमशाहीचा धडा सुरू केला. वर्ग इतका शांत की माझ्याच आवाजाचा कंटाळा आला. कमाल माझ्या वहीची. दर शुक्रवारी प्रत्येकाने आठवड्यात दिसलेली एक चूक लिहायची, कुणाचीही. लिहिलं की नावापुढे लाल चांदणी. दिवाळीनंतर सुरू केली, तेव्हापासून पोरं गप्प. हेडबाईंनी सभेत कौतुक केलं. मी फुगले.

बुध., ८
हेडबाई म्हणाल्या, "शाळेबद्दल घरी काय बोलतात, तेही लिहू दे मुलांना. पालकांचं मत कळेल." बरं म्हटलं. त्यांना नाही म्हणणं मला बावीस वर्षांत जमलेलं नाही.

गुरु., ९
धडा पुढे. धड्यातल्या त्या देशात शाळेतच शिकवायचे, घरी कोणी सरकारविरुद्ध बोललं तर येऊन सांगा. अथर्व : "बाई, आणि बापालाच पकडलं तर?" म्हटलं, तर मुलाचं कौतुक व्हायचं. घंटा झाली. फळा पुसला आणि चहाला गेले. डोक्यात काहीसुद्धा आलं नाही!

शुक्र., १०
बेचाळीस पोरं, बेचाळीस नोंदी. नवऱ्याला, विलासना, दादरला डॉक्टरकडे न्यायचं होतं, घाईत न वाचताच चांदण्या मारल्या. वही हेडबाईंनी मागितली होती, देऊन टाकली.

सोम., १३
परबमामा, आमचे शिपाई, हेडबाईंच्या खोलीतून बाहेर आले आणि मधल्या सुट्टीची घंटाच द्यायची विसरले. त्यांची मुलगी सायली माझ्याच वर्गात. हेडबाईंनी मला वही दाखवली. तिने लिहिलंय : "माझे बाबा म्हणतात, मराठी वर्ग बंद करून इंग्रजी शाळा काढायचा संस्थेचा डाव आहे. पालकांच्या सह्यांचा अर्ज आमच्या कपाटात आहे." सुवाच्य अक्षर. पुढे माझी चांदणी.
मामांना कामावरून काढायचं घाटतंय. शुक्रवारी शाळा समितीची बैठक.
घरी येऊन भात करपवला.

मंगळ., १४. संक्रांत.
मामांनी सगळ्यांना तिळगूळ वाटला, मलाही. गोड बोला म्हणाले नाहीत. मीच विषय काढला, तर म्हणाले, "बाईनू, चेडवाक काय बोलू नकात. तिना खराच लिवल्यान. तुमीच शिकवलात मा खरा बोलूक." रागावले असते तर बरं झालं असतं. माणूस रागावला की आपल्याला उलट बोलता येतं.

बुध., १५
हेडबाईंना हवंय, मी एक ओळ लिहून द्यावी : मुलीने स्वखुशीने लिहिलं. खोटं नाही. कोणी हात धरला नव्हता. चांदणी तेवढी दाखवली होती.
विलास : "सही कर नि मोकळी हो. दोन वर्षांत रिटायर होशील. तू कशाला मधे पडतेस?"
मधे? मी सुरुवातीलाच आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोराने पंचनाम्यावर सही करायची.
वर्गात अथर्व पुन्हा : "बाई, त्या पोरांना कळत नव्हतं का आपण काय करतोय ते?" म्हटलं, लहान होती रे. "मग त्यांच्या बाईंना?"
पान उलटा, मी म्हटलं. उलटलं. सगळ्यांनी, एकदम. मला भीती वाटली. माझ्याच वर्गाची.

गुरु., १६
ओळ अजून दिलेली नाही. दोनदा लिहिली, दोनदा फाडली. हेडबाईंकडे गेले, सांगितलं की वही माझी कल्पना, दोष माझा. हसून म्हणाल्या, "तुम्ही फार मनाला लावून घेता. वही छान आहे. जूनपासून पाचवीलाही लावू." आणि उद्यासाठी माझ्याच हातात दिली, शुक्रवार म्हणून.
शाळा सुटल्यावर सायली आली. डोळे सुजलेले. म्हणाली, बाबा तिच्याशी नेहमीसारखंच बोलतात, तेच तिला सहन होत नाही. मग वहीकडे बघून विचारलं, "बाई, मी खोटं लिहिलं होतं असं लिहू का? की नको? तुम्ही सांगाल ते लिहिते."
पेनाचं टोपण काढून उभी होती. मी काहीही सांगितलं असतं तरी तिने सुवाच्य अक्षरात लिहिलं असतं.
घरी जा म्हटलं. गेली. हो, तेही लगेच ऐकलं.
उद्या अकराला समिती. वही माझ्याकडे आहे.