‘स्वरयुग’मधलं अर्धं पान

३ डिसेंबर १९५६
शाळेचं संगीत-मासिक काढायचं ठरलं. हस्तलिखित, प्रत एकच. नाव ‘स्वरयुग’. संपादक मी. तालुक्यातल्या तरुणांच्या समस्त वर्गांना न्याय देणार! संमेलनात प्रकाशन. गाजलं की संगीत मंडळाचा सेक्रेटरी मीच.

५ डिसेंबर
पानांची वाटणी केली. रेडिओ ऐकणारा प्रगत तरुण: वीस पानं. भजनवाले: दोन. मंडईच्या जत्रेत दंडार नाचणारे खेड्यातले तरुण: अर्धं. होस्टेलच्या माझ्या खोलीतला सेवकराम कामठा गावचा, दंडारीत ढोलकी वाजवतो. म्हणाला, अर्धंच काऊन बे? दुर्लक्ष केलं. अक्षर मात्र त्याचंच सुंदर, म्हणून मासिक त्याच्याकडूनच लिहून घेणार.

९ डिसेंबर, संध्याकाळ
प्रगत तरुणांची पाहणी. मुन्नालालच्या पानठेल्यावर रेडिओ आहे. दीड तास उभा राहिलो. मुन्नालाल म्हणाला, पान खाना है तो खाओ, नहीं तो आगे बढ़ो. प्रगत तरुण दोन सापडले. एक मी. दुसरा नंदलाल, तो बसची वाट पाहत होता.

२० डिसेंबर
वीसपैकी चार पानं भरली. बाकीच्यांत माझे विचार, मोठ्या अक्षरात.

२ जानेवारी १९५७
दंडारीचा मजकूर सेवकरामला सांगितला: ‘खेड्यातला तरुण झोपेत आहे. मुलांनी लुगडी नेसून नाचणं थांबलं पाहिजे.’ लिहिताना तो गालात हसत होता. मी गोरेगाव खेड्याचा, पण मनाने शहरी, हे त्याला कळायचं नाही. चित्र वर्गातला गोवर्धन काढणार. नमुन्याला दंडारीचा फोटो आहे माझ्यापाशी, सेवकराम म्हणाला. कुठलाही चालेल, म्हटलं. संपादकाने बारीकसारीक गोष्टींत पडू नये.

१२ जानेवारी
प्रकाशन. हेडमास्तरांनी नेमकं अर्धं पान उघडलं. चित्र फारच हुबेहूब. लुगडं, नथ, आणि चेहरा माझा! दोन वर्षांपूर्वीची, गोरेगावच्या मंडईतली दंडार. विसरलो होतो. विसरलो होतो म्हणजे, विसरायचं ठरवलं होतं. हे तर आपले संपादक, सर म्हणाले. पोरांनी ओरडून उभं केलं. सेवकरामने ढोलकी ओढली. नाही म्हणायला तोंड उघडलं, तोवर पाय सुरू झाले होते. तीनदा वन्समोअर. वीस पानं कुणी उलटलीही नाहीत.

१३ जानेवारी
सेक्रेटरी सेवकराम झाला. फार वाईट वाटलं. मासिकाच्या शेवटी अभिप्रायाचं पान कोरं सोडलं होतं. त्यावर एकच ओळ, त्याच सुंदर अक्षरात:
‘अर्ध्या पानात मावला कसा बे तू?’