घर बजेटमध्ये बसतंय

२ जानेवारी
संकल्प : यंदा स्वतःचं घर. घाई नाही, भावनेच्या आहारी जाणं नाही. मी भाषेचा मास्तर असलो तरी व्यवहारात कच्चा नाही. हे ऐकून मेहुणा हसला. हसू दे.

५ जानेवारी, दुपार
घर पाहिलं. जुनं, पण भर शहरात, आणि नव्या फ्लॅटच्या निम्म्या किमतीत. इतकं स्वस्त का, एजंटला तोंडावर विचारलं. म्हणाला, मालक माणूस बघून किंमत सांगतात. पटलं.
लग्नानंतरच्या एकवीस वर्षांत भाड्याची सात घरं झाली. एकाही स्वयंपाकघराला खिडकी नव्हती. इथे आहे. ही खिडकीशी उभी राहिली ती हलेचना. शेवटी म्हणाली, घेऊ या ना हो. मलाच भरून आलं. (भावनेच्या आहारी जाणं उद्यापासून बंद.)

६ जानेवारी
गवंड्याला नेलं. तपासून घेणारं गिऱ्हाईक आहे मी. त्याने जमिनीवर गोटी ठेवली, ती घरंगळत कोपऱ्यात गेली. फरशी धुतली की पाणी आपोआप जाणार. उत्तम सोय. मग म्हणाला, साहेब, घर बसतंय. म्हटलं, अहो, एजंटही तेच म्हणाला, बजेटमध्ये अगदी फिट्ट बसतंय. तो माझ्याकडे बघतच राहिला. भिंतीतल्या भेगेवर काचेची पट्टी चिकटवून गेला. तडकली तर घेऊ नका म्हणाला.

१३ जानेवारी
काच तडकली. हलकी असणार. हल्ली चांगला माल मिळतो कुठे?

१४ जानेवारी
माझी शाळेतली प्लास्टिकची फूटपट्टी चिकटवली. गवंड्याला हे सुचलं नाही. शिक्षण शिक्षण म्हणतात ते हेच.

२३ जानेवारी
फूटपट्टी शाबूत! किंचित वाकलीय, पण प्लास्टिक म्हटलं की वाकणारच. टोकन दिलं.

२० फेब्रुवारी
रजिस्ट्रेशन झालं. प्रॉव्हिडंट फंड संपला. हिने खिडकीसाठी पडदा शिवलाय, पिवळा.

२ मार्च
राहायला आलो. पुढचं दार खांदा लावल्याशिवाय उघडत नाही. चोरांची पंचाईत.

४ मार्च
स्वयंपाकघराची खिडकी लागत नाही. हिला म्हटलं, हवा येते ना? हिने पडदा सारून ती पुन्हा ओढून पाहिली. (नवा संकल्प : डायरी नियमित लिहायची.)

१७ मार्च
फूटपट्टी निघून पडली. गोंद हलका. आता भेगेत पूर्ण हात जातो. हिने गवंड्याला परस्पर फोन केला. बायकांना धीर म्हणून नसतो.

१८ मार्च, सकाळ
गवंडी आला. खाली पडलेली पट्टी कुणाची, विचारलं. सांगितलं. त्याने कपाळाला हात लावला. म्हणाला, पहिल्याच दिवशी बोललो होतो साहेब, घर बसतंय. पाया खचतोय. आजच बाहेर पडा.
सव्वीस वर्षं मुलांना शिकवतोय : एकाच शब्दाचे दोन अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा.

संध्याकाळ
सामानासकट मेहुण्याकडे. तो हसला नाही. हसला असता तर बरं वाटलं असतं. हिने पडदा घडी करून पिशवीत ठेवलाय. दिवसभरात एकच विचारलं, खिडकी लावून आलात ना?
हो म्हणालो. ती लागत नाही, हे तिलाही माहीत आहे.