रत्नाच्या डोळ्याला लावलेली दुर्बीण

बॉथेल,
१२ ऑक्टोबर २०२४

चि. लता हिस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तुला अर्धंच ऐकू येतं आणि मला मोठ्याने बोलायची सवय नाही, म्हणून पत्र लिहितो आहे. तुम्हा बहिणींची पत्रं महिन्याच्या महिन्याला चालायची. रत्ना गेल्यावर ती थांबली. तिच्या वाट्याची आता बाबांनी लिहावीत असं यामिनीने सुचवलं. आपल्या जावईबापू सिद्धेशनेही तिचीच री ओढली, तेव्हा माझा इलाज उरला नाही.

तब्येत ठीक आहे. डॉक्टरांनी चालायला सांगितलं आहे, म्हणून संध्याकाळी कॉलेजच्या मागच्या पाणथळीपर्यंत जातो. तिथे सध्या कावळ्यांचं राज्य आहे. अंधार पडू लागला की हजारो कावळे झाडांवर वस्तीला येतात, आभाळ काळं होतं. जूनमध्ये दहाव्याच्या दिवशी आपण मागच्या अंगणात पान मांडून बसलो होतो, तुला आठवत असेल. एक कावळा फिरकला नाही, शेवटी गुरुजींनी दर्भाचा करून लावला. आता हे सगळे कुठून आले कोण जाणे.

मुख्य काम वेगळंच आहे. यामिनीने रत्नाची दुर्बीण माझ्या गळ्यात घातली. मी नेहमीप्रमाणे डावा डोळा मिटून बघितलं तर सगळं धुरकट. यामिनी म्हणाली की उजव्या नळीवरची कडी आईच्या डोळ्याला लावलेली आहे, ती थोडी फिरवा. ती फिरवायला आली तेव्हा मी हात मध्ये घातला. पाटबंधारे खात्यात तीस वर्षं मीच पोरांना ओरडत आलो की दुसऱ्याच्या डोळ्याला लावलेल्या यंत्रातून बघू नका, आधी आपल्या डोळ्याला लावून घ्या. तरी मला ती कडी फिरवू द्यावीशी वाटली नाही. रत्नाने ठेवली तिथे ती आहे. तशी दुसरी गोष्ट घरात नाही.

म्हणून मला वेगळी दुर्बीण घ्यायची आहे. तू जीवशास्त्र शिकवलंस, अंबाझरी तलावावर दोघी पहाटे पक्षी बघायला जायचात. कुठली घ्यावी ते कळव. तुझ्या शंतनूला आशीर्वाद. काळजी घे, आणि उत्तराला रत्नासारखा उशीर करू नकोस.

तुझा,
दिगंबर

*

नोव्हाय,
२१ ऑक्टोबर २०२४

ती. भावोजींस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पाहून आधी घाबरले. तुम्ही पाकिटावर पत्ता लिहिण्यापलीकडे कधी काही लिहिलेलं मी पाहिलं नव्हतं. अक्षर मात्र ताईपेक्षा चांगलं आहे, हे तिच्या माघारी सांगते.

कावळ्यांचं वाचून हसू आलं. ताई आयुष्यात कुठल्या समारंभाला वेळेवर पोचली होती? तिचे कावळेही तिच्यासारखेच.

आता दुर्बिणीचं. भावोजी, तिला दोन नळ्या असतात त्या दोन्ही डोळ्यांनी बघायला. डावा डोळा मिटून तुम्ही धरणाची पातळी घेत होतात, पक्ष्याची नाही. हे आधी सोडा.

मोठ्या आकड्याला भुलू नका. आठ पटीची घ्या. दहापटीच्या वर हात थरथरतो आणि पक्षी दिसतो न दिसतो तोच निसटतो. वजन हातात घेऊन बघा, कारण ती गळ्यात तासभर राहणार आहे. तुम्ही चष्मा लावूनच बघणार, तेव्हा डोळ्याजवळच्या रबरी वाट्या खाली दाबून बघा. चष्म्यासकट पूर्ण गोल दिसला तरच ती तुमची. घरबसल्या मागवू नका, दुकानात जाऊन दोन-चार डोळ्यांना लावा.

ताई चष्मा काढून बघायची, म्हणून तिने कडी इतकी फिरवलेली. आमचा दोघींचा उजवा डोळा अण्णांवर गेला. सातवीत माझा चष्मा फुटला तेव्हा नवा येईपर्यंत ती मधल्या सुट्टीत आपला मला द्यायची. दोघींचा नंबर एकच. मग मधली सुट्टी संपेपर्यंत ती स्वतः भिंतीला धरून उभी.

माझी दुर्बीण नागपूरलाच राहिली, आतून बुरशी धरली असं कळलं. शंतनूने खिडकीबाहेर दाण्याचा डबा टांगला आहे. एक लाल ठिपका येतो, तो कार्डिनल पक्षी असं शंतनू सांगतो. मी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवते.

यामिनी, सिद्धेशला आशीर्वाद. तुमचा लोभ आहेच, आता तो असाच पोस्टाने येऊ द्या.

तुमची,
लता

*

बॉथेल,
१८ नोव्हेंबर २०२४

चि. लता हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं, पण दोन दिवस उशिरा. तोवर जावईबापूंनी घरबसल्या दुर्बीण मागवली होती. बारा पटीची. त्यांचं आणि माझं एकमत झालं की जास्त दिसत असेल तर कमी का घ्यायचं. यामिनी नुसती हसत होती. ती आईवर गेली आहे.

पहिल्या दिवशी मागच्या देवदारावर गरुड बसलेला मला दिसला. पांढरं डोकं, काळं अंग, सगळं लक्षणाप्रमाणे. हात इतका हलत होता की मी कुंपणाला कोपर टेकवून, श्वास धरून बघत राहिलो. सिद्धेशलाही बोलावलं. त्याने नुसत्या डोळ्यांनी बघून सांगितलं की तो गरुड नसून शेजारच्या घराचं धुराडं आहे, आणि शेजारीणबाई केव्हापासून खिडकीतून आपल्याला हात करताहेत. मी त्यांना नमस्कार केला आणि आत आलो. दुर्बीण दुसऱ्या दिवशी परत गेली.

मग तुझं पत्र हातात घेऊन दुकानात गेलो. तिथे बेव्हर्ली म्हणून माझ्याच वयाची बाई होती. तिने मला दारात उभं केलं आणि रस्त्यापलीकडच्या खांबावरचा पक्षी वेगवेगळ्या दुर्बिणींतून दाखवला. तो बिचारा सगळ्या दुर्बिणी होईपर्यंत बसून राहिला. मी दर वेळी डावा डोळा मिटत होतो. शेवटी ती म्हणाली की हा डोळा तुम्ही कोणासाठी राखून ठेवला आहे? मी तो उघडला. दोन्ही डोळे उघडे ठेवून बघितलं तेव्हा पक्ष्याच्या मागचं आभाळ एकदम लांब गेलं. आठ पटीची, हलकी घेतली. कडी माझी मीच लावली.

आता रत्नाची दुर्बीण. ती कपाटात ठेवली, पण कपाटात ठेवण्यासारखी ती वस्तू नाही. तुझ्या चष्म्याची गोष्ट मी पुन्हा पुन्हा वाचली. परवा दुर्बीण लोकरीच्या टोपीत गुंडाळली आणि तुझ्या नावाने पाठवली. कडी वाटेत हलू नये म्हणून तिच्यावर जखमेवर लावायची पट्टी लावली आहे. तू चष्मा काढून बघ. जुळली तर ठेव. नाही जुळली तर मात्र फिरवू नकोस, तशीच परत पाठव. एवढं माझं ऐक.

थंडीत कानटोपी घालत जा. तीच आत आहे.

तुझा,
दिगंबर

*

नोव्हाय,
२ डिसेंबर २०२४

ती. भावोजींस,
शि. सा. न. वि. वि.

पार्सल आलं त्या दिवशी मी ते उघडलं नाही. जुळली नाही तर तुम्हाला काय लिहायचं, हे आधी ठरेना. शंतनू म्हणाला, मावशीची दुर्बीण आहे आई, बॉम्ब नाही.

आज पहाटेपासून बर्फ पडलं. सकाळी खिडकीशी खुर्ची ओढली, चष्मा काढून पदराला पुसला आणि कडेला ठेवला. टोपीला ताईच्या तेलाचा वास होता, तो जरा वेळ घेतला. मग दुर्बीण डोळ्याला लावली आणि मधलं चाक फिरवलं. कडीला हात लावला नाही.

भावोजी, लाल ठिपक्याला चोच आहे. जाड, नारिंगी. चोचीभोवती काळा रुमाल बांधल्यासारखं आहे आणि डोक्यावर तुरा आहे. तो दाणा फोडताना टरफल कडेला टाकतो, ते टरफल बर्फावर पडलेलं मला दिसलं. उजवा डोळा, डावा डोळा, दोन्ही लख्ख. मी इतक्या जोरात हाक मारली की शंतनू जिन्यावरून धावत आला. त्याने बघितलं तर त्याला सगळं धुरकट. कडी फिरवायला गेला, मी त्याच्या हातावर चापट मारली. चाळिशीच्या मुलाला मारलं, पण त्याला लागलं नाही.

पट्टी जागेवर आहे. ताईने डोळा काढून घेतला आणि मी लावला, इतकंच मध्ये झालं.

तुमच्या त्या कावळ्यांसाठी एकदा पुन्हा पान मांडा. सध्या ते गावात आहेत. श्रीखंड ठेवा, भात नको, तिला भात कधी आवडला नाही.

लोभ आहेच, आता बर्फाचं निमित्त सांगून पत्राला उशीर करू नका.

तुमची,
लता

*

बॉथेल,
५ जानेवारी २०२५

चि. लता हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी मोठ्याने वाचून दाखवलं. यामिनीने दोनदा वाचायला लावलं. टरफलापाशी मला थांबवून ती आत गेली, आणि थोड्या वेळाने चहा घेऊन आली.

काल तू सांगितल्याप्रमाणे केलं. यामिनीने पुरी आणि श्रीखंड केलं. मी मागच्या कठड्यावर पान ठेवलं, नवी दुर्बीण गळ्यात घातली आणि आभाळाकडे नजर लावून उभा राहिलो. दूरवरून थवे येत होते. त्यातला कुठला वळतो ते हेरावं असा माझा विचार होता. तेवढ्यात सिद्धेशने माझी बाही ओढली. कावळा केव्हाच कठड्यावर बसला होता, माझ्या कोपराजवळ. मी दुर्बीण लावली तर नुसता काळा डाग, कारण तो फारच जवळ होता. दुर्बीण सोडली तेव्हा दिसला. त्याने श्रीखंडात चोच बुडवली, पुरी उचलली आणि गेला. आम्ही तिघं इतके हसलो की शेजारीणबाईंनी पुन्हा खिडकीतून हात केला.

तो झाडावर जाऊन बसला तेव्हा यामिनीने माझ्या गळ्यातून दुर्बीण घेतली आणि न विचारता कडी आपल्या डोळ्याला फिरवली. मग सिद्धेशने त्याच्या डोळ्याला फिरवली. माझ्याकडे आली तेव्हा सगळं धुरकट होतं. मी पुन्हा माझ्या डोळ्याला लावून घेतली, दोन्ही डोळे उघडे ठेवून. पुरी अजून त्याच्या चोचीत होती.

शंतनूला सांग, हात दुखत असेल तर बॉथेलला ये, इथली कडी कोणीही फिरवतं. तूही ये, वसंत ऋतूत कावळे पांगायच्या आत, म्हणजे तेही भेटतील.

लोभ तुम्हा दोघी बहिणींचा होताच, तो मला असाच मिळत राहावा.

तुझा,
दिगंबर

ता. क. थंडीने कडीवरच्या त्या पट्टीचा डिंक सुटेल. सुटली तर नवी लावू नकोस. तुझ्या हाताने कडी थोडी हलली, तरी हलू दे.