ज्वारीचा शेक

आई, त्या दुपारी मी तुला शेकाची पिशवी भरून दिली नसती, तर तू वाचली असतीस का? आठ वर्षं झाली, याचं उत्तर मला देता येत नाही. आपल्या घरात पहिल्यांदाच कुणी पदवीधर झालं म्हणून अण्णांनी गल्लीभर पेढे वाटले, पण एवढं शिकूनही हा प्रश्न मी कुणापुढे ठेवू शकलेले नाही.

पिशव्या मी अजून शिवते. विणीत चुकलेलं टॉवेलचं कापड अण्णा मागावरून आणतात. हातभर लांब पिशवी, तोंडाशी नाडी. मंगळवेढ्याहून मामा ज्वारी आणतो, त्यातली जुनी मी शेकासाठी वेगळी काढते. दुष्काळात रेशनवरची परदेशी लाल ज्वारी, मिलो, भरून पाहिली होती, त्यात ऊब टिकेना. तू मला पहिल्यांदा शिकवलंस तेव्हा मी नवी ज्वारी घेतली होती, आणि अर्धे दाणे तडतडून चुलीबाहेर उडाले होते. "शेक करतीस का लाह्या?" म्हणून तू डोळ्यांत पाणी येईतो हसलीस. मूठभर खडेमीठ टाकून वास सुटेपर्यंत परतायचं, पिशवीत ओतायचं, मधे दोन ठिकाणी दोरा आवळायचा, म्हणजे दाणे एका बाजूला पळत नाहीत. आधी आपल्या मनगटावर ठेवून बघायचं. मागासाठी सुताच्या कांड्या भरून खांदे धरलेल्या बायका आजही येतात आणि तुझं नाव काढतात.

एक गोष्ट मात्र मला उशिरा कळली. आपल्या गल्लीत बाईला बरगड्यांखाली काहीही झालं तरी ती कंबरच म्हणते. घर एका खोलीचं, दारात सासरा नाही तर दीर बसलेला. त्यांच्यादेखत पोट म्हणायची सोय नसते, त्याखालचं तर नाहीच.

त्या दुपारी तू कांड्या भरायचा रहाट सोडून भिंतीशी बसली आहेस. अण्णा दारात चपला घालतायत. शेजारची मावशी डोकावते. "काय झालं गं?" तू म्हणतेस, "कंबर धरलीया." मावशी माझ्याकडे वळते. "मग शेक दे की आईला. पुस्तकात तोंड घालून काय बसलीस?" माझी अकरावीची परीक्षा तोंडावर आहे, पुढ्यात भूगोल आहे. मी ज्वारी भाजते, पिशवी बांधून तुझ्या हातात देते. तू भिंतीकडे तोंड करून आडवी होतेस. तिसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात डॉक्टर अण्णांना एवढंच म्हणाले की पोटात आत काहीतरी फुटलंय, आणायला फार उशीर झाला.

पुढे कॉलेजात प्रथमोपचाराचा वर्ग होता. पोट कशानं दुखतंय हे कळल्याशिवाय शेकू नये, असं तिथल्या नर्सबाईंनी सांगितलं. मी वहीत उतरवून घेतलं आणि त्या संध्याकाळपासून माझ्या मनात मावशी बसली. सकाळी नळावर तुम्ही दोघी बरोबर होतात. तू तिला सगळं सांगायचीस, मग पोट दुखतंय हेही सांगितलं असणारच. तिला ठाऊक होतं, तरी शेक दे म्हणाली. त्यानंतर ती ताटलीत काही घेऊन आली की मी जेवण झालंय म्हणायची. तुझी आठवण काढून ती डोळे पुसायची, तेव्हा ते डोळे खरंच ओले आहेत का हे मी बघत राहायची. गल्लीतल्या बायकांना आरोग्याचं काही सांगताना "अडाणी सल्ल्यानं माणसं जातात" हे वाक्य मी तिच्याकडे पाहून म्हणायची.

गेल्या महिन्यात ती सुनेला घेऊन आली. "कंबर दुखतीया हिची. पिशवी दे."

"तिला बोलू दे की."

"आता कंबर दुखाया बी कॉलेज शिकावं लागतंय व्हय?"

शेक न्यायला दारात आलेल्या दोघी बायका खिदळल्या. मी मावशीसकट तिघींनाही बाहेर काढलं आणि दार लावलं. सून म्हणाली, "कंबरच हाय, ताई." मी म्हटलं, बोलू नकोस, नुसता हात ठेव. तिनं दाराकडे पाहिलं. मग पाठीवरचा हात हळूहळू पुढे आणला आणि पोटाच्या उजव्या बाजूला, खाली टेकवला. मी पिशवी दिली नाही, टांगा आणला. दवाखाना येईपर्यंत मावशी "लई शानी झालीस" म्हणून मला ऐकवत होती. त्याच दिवशी पोरीचं ऑपरेशन झालं आणि ती वाचली.

दवाखान्याच्या व्हरांड्यात मावशी माझ्याजवळ येऊन बसली. बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मग म्हणाली, "तुझ्या आईचं बी असंच हुतं का गं? मला कंबर म्हणली. देवाशप्पत कंबर म्हणली. पोट म्हणली असती तर म्या शेक दे म्हणले असते का? म्या मारलं का गं तिला?"

नाही म्हणायला हवं होतं आणि मला ते म्हणता येत होतं. इतकी वर्षं जे तिच्या माथी मारलं होतं, ते तिनं आपणहून उचललं, आणि मी तिला उचलू दिलं.

कारण त्या दुपारी मी पाणी प्यायला उठले होते, आई. पिशवी तुझ्या पोटावर होती आणि तू ती दोन्ही हातांनी दाबून धरली होतीस. विचारावं, असं मनात आलं होतं. पण नद्यांचा नकाशा अर्धा राहिला होता. मी परत जाऊन बसले. हे दुसऱ्या कुणीच पाहिलं नव्हतं. तुला कळलं होतं का, हेही मला माहीत नाही.

हे कागद तुझ्यापर्यंत पोचायचे नाहीत, आणि अण्णांच्या हाती द्यायचं धैर्य अजून माझ्यात नाही. पण आज सकाळी मी मावशीकडे गेले. ती कांड्या भरत होती. मी रहाटावर हात ठेवून तो थांबवला आणि म्हटलं, "मावशी, पिशवी पोटावर होती ते मी पाहिलं होतं. तू नाही."