मंगलीचा घोटा

२ डिसेंबर

टेप अर्ध्या तासात ढिली होते. आज परत तेच. कबड्डीच्या दुसऱ्या रेडलेच मंगलीच्या उजव्या घोट्यावर मी बांधलेली पट्टी लोंबत होती — घाम, वरून माती. कोच लहानूभाऊले म्हटलं, ब्रेस घेऊ, घोट्याचा तयार पट्टा. तोंडातली शिट्टी न काढताच म्हणते, "आमच्या टायमाले काई नोतं, तरी खेळलो."
भाऊ स्वतः लंगडत चालते.

४ डिसेंबर

चामोर्शीत ब्रेस भेटत नाई. मेडिकलवाला गुडघ्याचा पट्टा दाखवते — "हाच खाली सरकवून घाला." शेवटी ऑनलाइन मागवला. अब्बा पंक्चर काढता काढता म्हणाले, "पैर उसका, दर्द तुझे?"

हो, मले. यावर्षी तिचा हा पाय दोनदा मुरगळला. एकदा गेलेला घोटा परत जातेच. आधार दिला तं रिस्क कमी होते — टेप असो का ब्रेस, रिसर्च दोन्हीले चांगलंच म्हणते. पण टेप ढिली होते आणि बांधून द्यायले कोणी लागते. ब्रेस तिची तीच आवळू शकते, मॅचच्या मधातच.

१४ तारखेले गडचिरोलीत जिल्ह्याची निवड. झाली तं नागपूरचा कॅम्प, मग स्पोर्ट्स होस्टेल. नाई झाली तं बारावी करून धानोऱ्याकडं घरी, आणि कबड्डी खतम. तिनंच सांगतलं, एकदम साध्या आवाजात.

८ डिसेंबर

ब्रेस आला. कापडाचा, लेसवाला. मंगलीनं घातला, दोन रेड मारल्या, थांबली.
"रूही, माती नाई लागून राह्यली व."

या पोरी उतरताना वाकून मूठभर माती घेतात, दोन्ही घोट्यांले चोळतात, मगच रेषा ओलांडतात. मंगलीच्या गावात तं मातीले विचारल्याशिवाय कोणी खेळतच नाई. टेपच्या फटीतून तरी लागते, ब्रेसवर चोळली तं पायाले लागतच नाई! मी म्हटलं, आधी चोळ, मग घाल.
"रेषेजवळ बसून लेस बांधत बसू? समोरच्या हासतीन."
रीना म्हणे, "डॉक्टरीणबाई, मलेबी घाल ना एक. नवरीसारखी दिसन."
सगळ्या हसल्या. मीबी हसली, पण आतून चिडली. वरून तळव्याखालचा पट्टा अनवाणी पायावर सरकते. बुटासाठी बनवलेली वस्तू आहे ही. मागवायच्या आधी मले कळायले पाहिजे होतं.

११ डिसेंबर

भाऊसोबत भांडण. मोबाइलवर रिसर्च पेपर दाखवला.
"तुह्या साहेबांनी मातीवर खेळून लिहिलं का हे?"
म्हटलं, बास्केटबॉलवाल्यांवर आहे.
"मंग बास्केटबॉलवाल्यांले दे."
मग हळूच म्हणते — "ते घालून उतरली तं निवडणारे पयले पाय पाहातीन, खेळ मांगून."
टेप दिसत नाई का मग?
"टेप सगळ्याच लावतेत."
म्हणणं बरोबर होतं. त्याचीच जास्त चीड आली.

१२ डिसेंबर

मंगली म्हणते, टेप. संपला विषय.

१४ डिसेंबर

टेप मारायले बसली तं हिनं आधीच माती चोळून ठेवली होती. सवय! पुसली, सगळी गेली नाई. तिकडून नाव पुकारून राह्यले होते, तशीच मारली.

फर्स्ट हाफ — काय खेळली! सेकंड हाफमध्ये पट्टी सुटली आणि उडी मारून उतरताना पाय वाकडा पडला. मी पाहिलं. दुसऱ्या कोणीच नाई. उठली, अजून एक रेड मारली, दोन पॉइंट आणले.

निवड झाली. रीना राखीव. पोरी बसमध्ये नाचून राह्यल्या होत्या. मंगलीनं माझा हात धरून ओढणीखाली घोट्यावर ठेवला. गरम. हाड बोटाले लागतच नव्हतं.

१५ डिसेंबर

पाय काळानिळा. टेकवत नाई. डॉक्टर म्हणाले, हाड ठीक, लिगामेंट गेलं, दीड महिना खेळायचं नाई. कॅम्प १८ ले.

मंगली म्हणते, "खालून टेप मार, वरून ब्रेस आवळ. तुझंबी खरं, भाऊचंबी खरं."
मी आणि भाऊ पहिल्यांदा एकच बोललो — नाई.
"मंग सांगू तं नका कोणाले. तिथं माझं मी पाहून घेईन."

बाहेर आल्यावर भाऊनं कॅम्पवाल्यांचा नंबर काढला. पाहात राह्यला. मोबाइल परत खिशात टाकला.
"माह्यानं नाई होत, रूही."

१८ डिसेंबर

कॅम्पले रीना गेली.

फोन मी लावला होता. मंगलीनं विचारलं, कोणी सांगतलं? भाऊ म्हणाला, "मी." माझ्याकडं पाहिलंबी नाई.

ती त्याच्याशी बोलत नाई. माझ्याजवळ येऊन बसते, पाय माझ्या मांडीवर ठेवते.